बाहेरची थाली

चहा घ्या भाऊ पयले, मंग लिवा काय लिवाचं ते. थंडा नका होऊ देऊ. चहा थंडा झालेला दिसला का माह्यं टकुरं फिरते, काऊन फिरते ते सांगतोच, पन पयले घ्या.

माह्यं नाव वामन. गाव मूलच्या पल्याड, जंगलाले लागून, तीस-पस्तीस घरं, त्यातले सात घरं आमचे, बौद्धाचे. बाप छप्पनच्या दीक्षेले चांद्याले पायी गेला होता, मले खांद्यावर बसवून, मी असन चार वर्साचा, मले तं काही आठवत नाई, पन बाप सांगे का येतानी त्यानं मायले वाटेतच म्हनलं, आजपासून कोनाच्या दारात मान खाली घालून उभं राह्याचं नाई. आता काय सांगू तुम्हाले, त्याच बापाचा मी पोरगा, अन् शेठच्या मागच्या दारात नऊ वर्स जेवलो. बाप मेल्यावर जेवलो, हेच बरं झालं.

शेठ म्हनजे लाकडाचा शेठ. नाव नाई सांगत, नावात काय हाये, चंद्रपुरात ज्याले माहीत हाये त्याले माहीत हाये. आलापल्लीकडून सागवान आणे, इथी त्याची आरामशीन, सहा ट्रक, मोठा बंगला, अन् बंगल्याच्या मागं ट्रकचं गॅरेज. मी नववीतून शाळा सोडून तिथी गाड्या धुवाले लागलो. धुता धुता मिस्त्रीच्या बाजूले बसाले लागलो, बसता बसता पाने हाती आले, मंग मिस्त्री म्हातारा होऊन गावी गेला तं साही ट्रकचे इंजिन मीच खोलाले लागलो. जंगलातून भरलेला ट्रक बाहेर काढणं म्हनजे खेळ नव्हे जी, रेती, नाले, चढ, अन् सारं पयल्या-दुसऱ्या गेरमध्ये. कोनतं इंजिन खालून ओढते अन् कोनतं नुस्तं बोंबलते, ते मी कानानं सांगो. पन शेठच्या हजेरीत मी कोन? गाडी धुनेवाला. नऊ वर्स धुनेवालाच.

अन् जेवण. दुपारचं जेवण शेठकडून राहे. बाकीचे पोट्टे वऱ्हांड्यात बसत, त्यायले स्टीलच्या थाल्या. माह्यी थाली जर्मलची, म्हनजे अल्युमिनची, मागच्या दाराजवळ विहिरीपाशी कोनाड्यात ठेवलेली. तिले घरात म्हनत बाहेरची थाली. मी काढाची, शेठाणीबाई वरून भाजी टाके, मी जेवाचं, मी धुवाची, मी परत कोनाड्यात ठेवाची. एका बाजूले चेंबली होती ती. पयल्या दिवशी लागलं मले. मंग नाई लागलं. आता सांगतानी जास्त लागते, हे काय भानगड हाये मले समजत नाई.

आता गाडीची गोठ. शेठकडे एक इंग्लिश गाडी होती, दोन सीटची, वरून उघडी, कोन्या जुन्या साहेबाची घेतलेली. चार सिलेंडर, दोन कार्बोरेटर. शेठ पोरीपेक्षा जास्त तिले जपे. तिचा क्याम घासला होता. क्याम म्हनजे इंजिनच्या पोटातला एक दांडा, त्याच्यावर उंचवटे राह्यते, ते वाल दाबते, एक वाल उघडला का पेट्रोल अन् हवा आत, दुसरा उघडला का धूर बाहेर. वाल किती वेळ उघडा ठेवाचा, सारा खेळ तिथीच हाये. जास्त वेळ उघडा ठेवला तं गाडी पळतीत लय जोर मारते, पन हळू चालवा, तेच पेट्रोल उलटं कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर येते अन् गाडी दम सोडते. कमी वेळ ठेवला तं पळ थोडी कमी, पन खालून ओढते. बस, एवढंच हाये. हे समजाले इंजिनियर व्हा लागत नाई.

शेठचा भाचा बाहेरदेशी होता, त्यानं दोन क्याम पाठोले. एक नरम, जसा मूळचा राह्यते तसा, अन् एक शर्यतीचा, तेज. सोबत कागद, त्याच्यावर आकडे. शेठनं नागपूरहून एक इंजिनियर बोलावला, काळा चष्मा, पांढरी पँट. मी दोन्ही क्याम हातात घेऊन पाह्यले, बोटानं उंचवटे पाह्यले, कागदावरचे आकडे लावले. इंग्रजी मी अक्षर अक्षर लावून वाचतो, पन आकडे तं आकडेच असते ना. शेठले म्हनलं, शेठजी, नरम बसवा, आपले रस्ते नाल्याचे हाये. तं तो इंजिनियर हसला अन् शेठले म्हने, इसको बोलो गाडी धो. शेठबी हसला. अन् मी, सांगाले लाज वाटते भाऊ, मीबी थोडा हसलो.

हसलो काऊन, तेबी सांगतो. मले शेठकडून एक चिठ्ठी पाह्यजे होती. माजरीच्या खाणीत वर्कशॉपले मेकॅनिक घेऊन राह्यले होते, पक्की नोकरी, क्वार्टर. पन अनुभवाचा कागद लागे, मालकाच्या सहीचा, का हा मानूस मेकॅनिक हाये. एक ओळ, जी. एक ओळ लिवाची होती त्याले. मी दोन महिने मांगं लागलो होतो, तो म्हने, पयले गाडी चालू होऊ दे, मंग देऊ. माह्यं वय निघून चाललं होतं, सुमन, माह्यी बायको, रोज इच्यारे, देल्ली का चिठ्ठी? तिले मी काय सांगू.

तं इंजिनियरनं तेज क्याम बसवला. त्याच हप्त्यात शेठचे नवे समधी, म्हनजे व्याही, आले, मोठ्या पोरीचे सासरे, अन् शेठ त्यायले बाजूले बसवून आलापल्लीचा डेपो दाखवाले निघाला. मी अन् इंजिनियर मांगं जीपमध्ये. सीध्या रस्त्यावर गाडी अशी पळाली का समध्याची टोपी उडाली, जीप थांबवून मी आणून देल्ली. इंजिनियर मले म्हने, देखा? मी म्हनलं, देखतो. आष्टीच्या पुढं एक नाला लागे, तवा पूल नव्हता, उतरलं का रेती अन् लगेच खडा चढ. शेठनं गाडी हळू केली, कराच लागते, अन् झाली ना फडफड सुरू. दोन्ही कार्बोरेटरमधून पेट्रोलचा धुपारा, फट फट फट, अन् बंद. परत चालू केली, परत बंद. तेंदूपत्त्याच्या बाया डोक्यावर मोळ्या घेऊन चालल्या होत्या, त्यायनं मोळ्या खाली ठेवल्या अन् गाडी ढकलली. समधी तोंडाले रुमाल लावून हसे. अन् शेठ मांगं वळून कोनाले बोलला असन? मले! क्या किया रे तूने? अरे, मी हात तरी लावला का गाडीले? इंजिनियर साहेब तं जीपमधून उतरलाच नाई.

पन मी तिथीच रेतीत उभा राहून बोललो. म्हनलं, शेठजी, नरम क्याम मी बसवतो, मी एकटा, अन् परवा हाच नाला ही गाडी दुसऱ्या गेरमध्ये चढन. चढली तं मले चिठ्ठी, मेकॅनिक म्हनून. समधी बाजूलेच ऐकून राह्यला होता, शेठ नाई कसा म्हनन. म्हने, जबान दी.

आता क्याम नुसता घालून होत नाई. चेनच्या दातेरी चाकांवर दोन टिकल्या राह्यते, त्या समोरासमोर आणल्या का झालं, असं त्या इंजिनियरचं काम. पन नवा दांडा, जुनी चेन, चार-सहा अंशाचा फरक पडतेच, अन् तेवढ्यात सारा जोर जाते. मोजा लागते. मोजाले मोठं गोल चकतं लागते, त्याच्यावर तीनशे साठ खुणा, ते इंजिनच्या नाकावर बसवाचं अन् वाल कोनत्या खुणेवर पूर्ण उघडते ते पाह्याचं. असं चकतं कुठी होतं आमच्याकडे? सारं गॅरेज पालथं घातलं. दुपार झाली, जेवाले गेलो, कोनाड्यातून थाली काढली, अन् हातात घेऊन पाहून राह्यलो. गोल. पातळ. मोठी. शेजारच्या पोरीच्या कंपास पेटीतला कोन मोजाचा चांदा मांगून आणला, थाली उपडी टाकली, खिळ्यानं एकेक खूण कोरली, चेंबलेली बाजू ठोकून सीधी केली, अन् बरोब्बर मधात भोक पाडलं. भोक पाडलं ना, तवा समजलं का आता याच्यात जेवता येणार नाई. बरं वाटलं, भाऊ. लय बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी थाली इंजिनवर चढवून मी मोजून राह्यलो होतो तं शेठ समध्याले घेऊन आला. वाकला, स्वता हातानं थाली फिरवली, म्हने, ये क्या मशीन है, फॉरेनका है क्या? इंजिनियर लगेच पुढं, हां सर, इससे टाइमिंग देखते है. समध्यानंबी फिरवली. दोघंबी लहान पोरावानी फिरवून राह्यले होते. तेवढ्यात शेठाणीबाई पानी घेऊन आली, तिनं पाह्यलं अन् ओरडली, अजी, ये तो बाहरवाली थाली है!

काय झालं असन सांगा. शेठनं हात असा मागं घेतला का जसा पोळला. रुमाल काढला, बोटं पुसली, एकेक बोट. मंग तिच्याजवळच्या लोट्यातलं पानी घेऊन तिथीच, माह्या समोर, हात धुतले. समध्यानंबी धुतले. त्याच हातानं मी तुह्यं इंजिन उघडतो, त्याच हातानं लावलेल्या गाडीत तू बसतो, अन् थालीले हात लागला तं धुतो? मी हे बोललो नाई. बोलाले पाह्यजे होतं. रोज मनात बोलतो, आता सात वर्स झाले. तवा मी नुसता पाना घेऊन खाली वाकलो अन् नट कसला, काऊन का चिठ्ठी.

गाडी चढली. दुसऱ्या गेरमध्ये, समधी बाजूले, ना फडफड ना धुपारा, रेती मागं फेकत सरळ वर. मी जीपमध्ये उभा होऊन पाह्यलं. वर जाऊन शेठनं हॉर्न वाजवला अन् इंजिनियरची पाठ ठोकली. इंजिनियरची! त्यानं काय केलं होतं? चष्मा पुसला होता.

चिठ्ठी देल्ली ना मले, देल्ली नाई असं नाई. मुनीमजीच्या हातानं, पाकिटात. सुमन अन् मी घरी खोलली. लिवलं होतं, वामन आमच्याकडे गाडी धुण्याच्या कामावर नऊ वर्षे होता, चालचलन ठीक. सुमन म्हने, परत वाचा, तुमचं काही चुकलं असन वाचतानी. मी परत वाचलं.

तीच चिठ्ठी घेऊन माजरीले गेलो, दुसरं काय होतं माह्याजवळ. तिथला बाबू भला होता, म्हने, दादा, तू मेकॅनिक असशीन, पन कागद म्हनते तू धुनेवाला, मी काय करू. आल्या पावली परत आलो, अन् सीधा शेठच्या गॅरेजमध्ये जाऊन, क्याम बसवल्यावर भितीवर टांगून ठेवली होती ती थाली काढली. मुनीमजी म्हने, थाली शेठची हाये, चोरी होते. मी म्हनलं, ठेवून घेता का? कोन जेवते याच्यात, तुम्ही जेवता? अन् थाली घेऊन निघालो.

मंग हे टिनाचं गॅरेज टाकलं, जटपुरा गेटच्या बाहेर. चालते. ट्रकवाले येते, थाली पाह्यते, हसते, मंग काम पाहून हसत नाई. माजरीच्या नोकरीचं वय निघून गेलं.

अन् मांगच्या वर्सी शेठ स्वता आला, जी, स्वता. लहान्या पोरीचं लग्न होतं, नवरदेव त्या गाडीतून आणाचा होता. नागपुरात चेन बदलली तं टाइमिंग कोनाले जमेना, तो इंजिनियरबी हात टेकून गेला. म्हने, वामन, तू अन् तुह्यी थाली. मी म्हनलं, पयले चिठ्ठी. तो म्हने, आता काय कामाची, तुह्यं वय गेलं. मी म्हनलं, हाव, गेलं. भितीवर लावाले पाह्यजे. त्यानं छापील कागद काढला अन् इथी, याच टेबलावर लिवलं, का वामन हा माझ्याकडे मेकॅनिक होता आणि माझ्या गाडीचा क्याम त्यानेच निवडला व बसवला. खाली सही. मी दोनदा वाचलं. डोळ्यात पानी आलं माह्या, खोटं काऊन सांगू, एवढ्या रागाच्या मानसाच्याबी आलं.

सुमननं चहा आणला, चांगल्या कपात, पाहुण्यासाठी ठेवतो त्या. हवेनं कागद उडून राह्यला होता म्हनून कप मी कागदावरच ठेवला. म्हनलं, शेठजी, चहा घ्या, मंग थाली काढतो. शेठ कपाकडे पाहून राह्यला. म्हने, आज उपवास है. उपवास? मिशीत तं शेव अटकून होती त्याच्या! मी म्हनलं, बसा, घाई नाई. मी बसलो, तोबी बसला. चहावर साय धरली. तो म्हने, और कुछ बोल, क्या चाहिए. मी म्हनलं, काहीच नाई शेठजी, चहा घ्या. सुमन दारात उभी. मंग तो उठला, धोतर झटकलं अन् गेला.

नवरदेव भाड्याच्या अँबॅसिडरमध्ये आला. गाडी अजूनबी त्याच्या आवारात ताडपत्रीखाली उभी हाये, उंदरं वायर खाते म्हनते. पोरीचं भलं होवो, तिचा काय दोष. शेठबी सुखानं राहो, मले त्याचं वाईट नाई पाह्यजे. मले राग हाये, तो राहीन, तो काही मी उतरवून ठेवणार नाई.

ते पाहा, तिथी, थालीच्या बाजूले, काचेत लावली ती चिठ्ठी. मधात तो गोल डाग दिसते ना, तो त्याच कपाचा. सुमन म्हने, दुसऱ्या कागदावर उतरवून घेऊ. मी म्हनलं, राहू दे.

घेतला ना तुम्ही? दाखवा कप. हां. सुमन, भाऊले आणखी अर्धा टाक.