सहादेवच्या नावाचे रिफ्लेक्टर

आजच्या या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आदरणीय चेअरमनसाहेब, व्यासपीठावर विराजमान संचालक मंडळ, सर्व खात्यांचे अधिकारी, आणि समोर बसलेल्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो, मिल खात्यातला फिटर कारभारी याचा आपणा सर्वांना नमस्कार.

आम्हा सायकलवाल्यांच्या वतीनं चार शब्द बोलायला मला उभं केलंय. शाल मिळाली, नारळ मिळाला, गळ्यात हार पडला. पण साहेब, गोड बोलायला जीभ वळंना आज. राग आलाय, तो झाकून बोललो तर ढोंग होईल.

आत्ताच तीन वक्त्यांनी सांगितलं, सहादेववर काळानं घाला घातला. काळानं? मी त्याच्याबरोबर एकाच पाळीत होतो, म्हणून सांगतो. त्या काळाला चाकं होती अन् पाठीवर ऊस होता. शहाण्णवच्या त्या हंगामात पाळी सुटल्यावर सहादेव सायकलीवरून घरी निघाला. रस्त्यात पंक्चर झालेली उसाची ट्रॉली अंधारात उभी. मागे दिवा नाही, तांबडा रिफ्लेक्टर नाही, काही नाही. गडी थेट तिच्यावर गेला. यात दैव कुठून आलं हो?

म्हणून यंदाच्या दसऱ्याला आम्ही कारखान्याच्या गेटपासून त्याच्या मूळ गावी, कोल्हारला, सायकली हाणल्या. आमच्यातले निम्मे पन्नाशीचे! नगर ओलांडताना रंगनाथच्या पायात गोळे आले, तर उतरून म्हणतो, "ढकलत नेतो, पन टेम्पोत बसायचा न्हाई." वाटेत लोकांनी पाणी पाजलं, सहादेवच्या नावानं देणगी दिली. त्यातून कारखान्याला ऊस आणणाऱ्या झाडून साऱ्या ट्रॉल्यांना पुरतील एवढे रिफ्लेक्टर आणले.

मग पुढं काय झालं? बोला की! खोकी गोदामात गेली. का? तर वाटप मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते व्हायला हवं. आधी अधिवेशन होतं. मग दौरा रद्द झाला. मग पौष लागला. पौष काय ट्रॉलीला लागतो? गोदामावरच्या गोरक्षनाथाला मी हात जोडले. तो म्हणाला, "तात्या, माझं काय चालतंय? वरून सांगितलंय, सायबांचा हात लागल्याबिगर खोकं फोडायचं न्हाई." हंगाम निम्मा सरला, खोकी तशीच.

आणि पंधरा दिवसांमागं काय झालं? आमच्याबरोबर कोल्हारला आलेला रविराज तसल्याच बिनदिव्याच्या ट्रॉलीवर आदळला. पाय मोडला. पायावर भागलं, नशीब त्याचं. सहादेवच्या घरच्या, आमच्या बनुवहिनी, त्याला बघायला दवाखान्यात आल्या अन् मला म्हणाल्या, "भाऊजी, माझं कुकू गेलं तवा तुमच्याकडं रिफ्लेक्टर नव्हतं. आता हायती. आता कुनाची वाट बगताय?"

आणि आज चेअरमनसाहेब याच माईकवरून जाहीर करतात, वाटप पुढच्या महिन्यात, मंत्रिमहोदयांनी तारीख दिली आहे! वर टाळ्या पडतात! साहेब, लाज वाटली मला त्या टाळ्यांची. अजून थोड्या वेळानं पाळी सुटेल. माझे साथीदार याच रस्त्यानं सायकलीवर घरी जातील. पुढच्या महिन्यापर्यंत त्यांनी काय चाचपडत जायचं?

असो. आभाराचं राहतंय. संयोजकांचे आभार, मंडपवाल्यांचे, चहा करणाऱ्या भगिनींचे आभार. गोरक्षनाथाचे विशेष आभार, कारण ती घोषणा ऐकून तो तडक उठला आणि त्यानं गोदामाचं कुलूप काढलं. मी बोलायला उभा राहिलो, तसे आमचे सायकलवाले बनुवहिनींना बरोबर घेऊन, पेचकस घेऊन वजनकाट्याकडं गेले. तिथं ट्रॉल्या रांगेत उभ्या आहेत. तो बघा, रविराज कुबडी घेऊन दारात उभा आहे, मान हलवतोय. म्हणजे काम सुरू झालं. ठरलं होतं तसा पहिला रिफ्लेक्टर बनुवहिनींच्या हातानं लागला.

साहेब, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. खोकी न विचारता फोडली, ती चूक मात्र माझ्या एकट्याच्या नावावर मांडा, आणि काय नोटीस द्यायची ती उद्या सकाळी द्या. आत्ता मला वेळ नाही. पाळी सुटायच्या आत पुष्कळ ट्रॉल्या व्हायच्या आहेत. नमस्कार.