बादलीतला थर्मामीटर

मामा : आईंची बोटं सोडू नका, बाई. एका हातात अंगठा, दुसऱ्या हातात ही तीन बोटं, आणि सरळ आपल्याकडे ओढून धरा. डॉक्टरांनी आत्ताच हाड जागेवर बसवलंय. ढिलं सोडलंत तर पुन्हा सरकेल, आणि मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही.

लेक : धरलंय घट्ट. तुम्ही ते पाणी बदला.

मामा : कुठलं पाणी?

लेक : बादलीतलं.

मामा : अहो, तुमच्या आईंना आत घेतलं तेव्हाच भरलंय. तळ दिसतोय बघा स्वच्छ.

आई : अगं, त्यांचं काम त्यांना करू दे की. मघापासून बघतेय, दारातच थबकलीस ती थबकलीसच. बाहेरची नर्स सांगत होती, यांना सगळे मामा म्हणतात, तीस वर्षं इथे प्लास्टर घालतायत.

लेक : किती वर्षं घालतायत ते मला माहीत आहे.

आई : बघा, मामा. ही अशी. शाळेत शास्त्र शिकवते, पण घरी आली तरी हिचा वर्ग काही सुटत नाही. आज सकाळी म्हणाली, बाथरूम घासू नकोस, मी आल्यावर घासते. मी कसली ऐकतेय! ती कोपऱ्यावर वळली नसेल तोच मी ब्रश घेऊन आत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे असं.

मामा : होतं तसं, ताई. या टेबलावर आठवड्याला चार-पाच मनगटं येतात आणि त्यातली निम्मी बाथरूमचीच. कोपर असंच ठेवा. आता कापूस गुंडाळतो. दुखतंय का?

आई : इंजेक्शन दिल्यापासून मनगट मेल्यासारखं झालंय. वरचा हात मात्र जागा आहे.

मामा : तो जागाच हवा.

लेक : पाणी किती गरम आहे?

मामा : गरम नाहीच. वाचा ना, थर्मामीटर टांगलाय बादलीच्या कडेला. किती दिसतंय?

लेक : बावीस.

मामा : मग? चोवीसच्या वर गेलं तर मी पट्टी बुडवत नाही. इथली पोरं हसतात मला. म्हणतात, ताप रोग्याचा मोजायचा की बादलीचा?

लेक : कधीपासून टांगताय तो?

मामा : झाली बरीच वर्षं.

लेक : बरीच म्हणजे किती?

आई : काय गं हे, उलटतपासणी घेतल्यासारखं. साधं पाणी ते. गरम असलं काय नि गार असलं काय, प्लास्टर शेवटी दगडच होणार.

लेक : नाही आई. मी दर वर्षी नववीच्या वर्गात हाच प्रयोग करते. वाटीत प्लास्टर कालवते आणि मधोमध थर्मामीटर उभा करते. चूल नाही, दिवा नाही, तरी पारा आपोआप वर चढायला लागतो. पाणी आत शिरून त्याचा दगड होताना ते स्वतःच तापतं. आणि कोमट पाण्यात कालवलं तर जास्त तापतं. पहिल्या वर्षी मी हा प्रयोग केला ना, तेव्हा मुलांना म्हटलं, आता तुम्ही वाचा आकडा. मला वाचवेना.

मामा : बरोबर सांगताय. अगदी बरोबर. पट्ट्यांचे थर जास्त झाले तरी तापतं. पाण्यात जुन्या प्लास्टरचा गाळ असला की झपाट्याने बसतं, आणि झपाट्याने बसलं की तापतं. आणि ओलं असताना खाली उशी ठेवली, तर ती ऊब जाणार कुठे? आतच कोंडते. आमच्याकडे नवीन पोरगा आला की मी त्याला पहिल्या दिवशी हेच पढवतो. उशी नाही, गाळ नाही, गरम पाणी नाही.

लेक : तुम्हाला कोणी पढवलं?

मामा : मला? दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, बाई. तसंच माझं. फक्त तोंड माझं भाजलं नव्हतं.

आई : मग कोणाचं?

मामा : जाऊ द्या, ताई. आधीच तुमचा हात मोडलाय, त्यात आणि नको त्या गोष्टी कशाला.

लेक : सांगा. कापूस गुंडाळून होईपर्यंत सांगा.

मामा : एक पोरगी होती. आठ-नऊ वर्षांची असेल. नडगीचं हाड मोडलेलं. मी नवा होतो इथे, दोन वर्षंही झाली नव्हती. थंडीचे दिवस, बाहेर बाकावर चाळीस माणसं आणि आत मी एकटा. पाण्यात हात घालून घालून बोटं वाकेनाशी झाली होती. मग काय केलं, शेजारच्या खोलीत उपकरणं उकळायचं भांडं असायचं, त्यातलं तांब्याभर कढत पाणी आणून बादलीत ओतलं. हातांना बरं वाटलं आणि पट्ट्या भराभरा बसायला लागल्या. मला वाटलं, वा, एक युक्तीच सापडली.

आई : मग?

मामा : पोरगी पाय झाडत होती, म्हणून थर दुप्पट दिले. सकाळपासून पाणी बदललेलं नव्हतं, तळाशी चार बोटं गाळ. आणि पाय नीट राहावा म्हणून खाली उशी. एकही चूक करायची बाकी ठेवली नाही बघा. ती ओरडत होती, भाजतंय, भाजतंय. मी म्हटलं, ओलं आहे गं बाळ, होईल गार. आणि थोड्या वेळाने खरंच गप्प झाली. मी समजलो, झालं गार. झालं काय होतं, तर तिथली कातडीच मेली होती. मेलेली कातडी कशी ओरडेल?

आई : अरे देवा. तिच्या घरच्यांनी काही विचारलं नाही?

मामा : आई होती तिच्याबरोबर. बिचारी पोरीलाच दटावत होती, चारचौघांत शोभा करू नकोस म्हणून. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तर टाचेपासून पोटरीपर्यंत हे एवढं. वास येत होता. मोठे डॉक्टर समोर उभे. त्यांनी विचारलं, हे कसं झालं? माझी नोकरी त्याच महिन्यात कायम व्हायची होती. मी म्हटलं, पोरीने आत काहीतरी घालून खाजवलं असणार.

आई : सुई.

मामा : काय म्हणालात?

आई : काहीतरी नाही. सुई म्हणाला होतात तुम्ही. मला विचारलंत, घरी विणकाम करता का. मी हो म्हटलं. तर डॉक्टरांकडे वळून म्हणालात, बघा, विणायची सुई असणार.

(नळ गळत असतो.)

मामा : बाई, बोटं सोडू नका. मला काय वाट्टेल ते म्हणा, पण बोटं सोडू नका.

लेक : मी नाही सोडली. तुमचेच हात थांबलेत.

मामा : मी ओळखलं नाही तुम्हाला.

लेक : मी ओळखलं. दारातच. नर्सला म्हणाले, दुसरं कोणी आहे का. ती म्हणाली, दुसरा माणूस चारला येतो.

मामा : तुम्ही म्हणाल तर वरून डॉक्टरांना बोलावतो. ते घालतील. माझ्या हातून नको वाटत असेल तर तुमचं काही चुकत नाही.

लेक : डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. चारपर्यंत मी अशी ओढून धरू शकणार नाही. तुम्हीच घाला. मी थर मोजणार आहे.

मामा : मोजा. पण त्याआधी एक बोलू द्या. पोरी, मी तुझा...

लेक : मला नका सांगू. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी काय केलं नि काय नाही, हे मला दुसऱ्याकडून कळायची गरज नव्हती. तिला सांगा.

मामा : ताई, तुमच्या मुलीने प्लास्टरमध्ये काही घातलं नव्हतं. सुई नाही, काडी नाही, काही नाही. पाणी मी गरम केलं, पाय मी भाजला आणि खोटं मी बोललो. तिने एक शब्द खोटा सांगितला नव्हता.

आई : एवढं चारच वाक्यांचं होतं होय.

लेक : अठ्ठावीस वर्षं थर्मामीटर टांगलात. हजारो माणसांना थंड पाणी दिलंत. ते चांगलंच केलंत, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या दारात एकदा यायला काय झालं होतं? केसपेपरवर पत्ता होता.

मामा : आलो होतो. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. तू पायरीवर बसली होतीस, एकाच पायात मोजा घालून. बाकीची पोरं पळापळी खेळत होती. मी तिथूनच मागे फिरलो. धीर झाला नाही, याच्याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

लेक : एका पायात मोजा घालायची मी, कारण माश्या बसायच्या. आणि घरात माझं नाव पडलं होतं खोटारडी. दुधाची पिशवी फुटली, खोटारडीला विचारा. वही हरवली, खोटारडी सांगेल. सगळे हसत म्हणायचे. मीही हसायचे.

मामा : माफी मागायची माझी लायकी नाही.

लेक : मागू नका. आत्ता माझ्याकडे द्यायलाही नाही. पट्टी भिजवा.

मामा : भिजवतो. मोजा तुम्ही. आठ थर. चोवीसच्या आत पाणी. बुडवली. बुडबुडे येतायत, दिसतायत ना? ते थांबले की समजायचं, पाणी आतपर्यंत पोचलं. थांबले. आता हलकेच पिळतो. ताई, गार लागेल.

आई : लागू दे.

मामा : ही बसवली. वरून साधी कापडी पट्टी गुंडाळतो. मनगट एवढंसं खाली वाकवून ठेवायचंय, बाई, हं, असंच. उशी नाही ठेवत, हात हवेतच राहू दे. आता दहा मिनिटं कोणी हलायचं नाही. ताई, मध्येच ते कोमट लागायला लागेल. तेवढं लागणारच, तो त्याचा गुण आहे. पण भाजलं तर सांगा. एकदाच म्हणा. मी कात्री हातात घेऊनच उभा आहे.

आई : मी एकदा म्हटलं तर कापाल?

मामा : लगेच.

आई : आणि तिने किती वेळा म्हटलं होतं?

लेक : आई, पुरे आता.

आई : पुरे कसं? माझंही सांगायचं राहिलंय. यांनी त्यांचं सांगितलं, मी काय हात बांधून घेऊन गप्प घरी जाऊ? तुला ती वाकडी सुई आठवते? तुझं प्लास्टर कापलं त्या संध्याकाळी टोपलीत सापडली होती. मी तुझ्या नाकासमोर धरली होती.

लेक : आठवते.

आई : ती माझ्याच खाली वाकली होती. खुर्चीत ठेवली आणि तिच्यावरच बसले. तू पडायच्या कितीतरी आधी. तेव्हा मला आठवलं नाही. म्हणजे आठवायचंच नव्हतं बहुतेक. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, पांढरा कोट घातलेला, तो खोटं कशाला बोलेल? आणि पोरं काय, बोलतातच.

लेक : मग कधी आठवलं?

आई : वर्षभराने. त्याच जोडीने तुझा स्वेटर विणायला घेतला, तेव्हा. हातात धरली आणि लख्ख आठवलं.

लेक : आणि तू काही बोलली नाहीस.

आई : तोवर तू त्याबद्दल बोलणंच सोडलं होतंस. मला वाटलं, विसरली असेल. पोरं विसरतात. असंच मनाची समजूत घालत आले. हे गल्लीच्या तोंडावरून मागे फिरले, मी तर घरातच होते.

लेक : तो स्वेटर तू पुरा केलाच नाहीस.

आई : नाही झाला माझ्याने.

मामा : ताई, ऊब येतेय का?

आई : येतेय. कोमट आहे.

लेक : भाजत नाही ना? खरं सांग.

आई : नाही गं. चहाच्या कपाभोवती हात धरावा तेवढंच. एवढंसं लागतंय तरी जीव घाबरा झालाय माझा. आणि तुला काय झालं असेल.

लेक : मला वाटलं होतं, तुम्ही दोघं हे बोलाल तेव्हा मला खूप बरं वाटेल.

आई : नाही वाटत?

लेक : माहीत नाही. हात भरून आलेत फक्त.

मामा : उतरतेय आता ऊब. बोटांची नखं गुलाबी आहेत, हालचाल आहे. हे बघा, ठोकून दाखवतो. टणक झालं, बसलं. हाड आता कुठे जात नाही. बाई, हात सोडलात तरी चालेल.

लेक : सोडू का, आई?

आई : थांब. त्या दिवशी, तू ओरडत होतीस तेव्हा, मी तुझा हात धरला होता का गं?

लेक : नाही.

आई : मग राहू दे थोडा वेळ.