डावीकडचा ठोसा

(व्यायामशाळेच्या मागची खोली. मधलं दार उघडं आहे; पलीकडे रिंग दिसते.)

मामी : म्हणजे दुसरा भाग निघाला तर तू पुन्हा दिग्दर्शक, तो गुळगुळीत पोरगा पुन्हा हिरो, त्याचे वडील पुन्हा निर्माते, आणि तुझे मामा पुन्हा आडवे. बरोबर मांडलं ना मी?

भाचा : मामी, तू मांडलंस की सगळंच स्वस्त वाटतं.

मामी : स्वस्तच होता तो. तळघरात चोरून चालणाऱ्या मारामाऱ्या म्हणे, आणि मागच्या भिंतीवरून ऊन सरकतंय. तळघरात ऊन कुठून आलं रे?

भाचा : गोदाम होतं ते. खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. एकाचं सुटलं.

मामी : आणि तो पिंजरा? कुणी कुणाला ढकललं की पाळण्यासारखा झुलायचा. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस हसून हसून खुर्चीतून घसरला.

भाचा : कुंपणाची जाळी होती. वेल्डिंगला वेळ नव्हता, म्हणून तारेने बांधली. आणि गर्दी म्हणशील तर तीच माणसं शर्ट बदलून बदलून. मला सगळं माहितीय, मामी. परीक्षणं पाठ झालीत. 'मारामारीच्या सिनेमात कुणाला काही लागतच नाही', हे तर प्रत्येकाने लिहिलंय.

मामी : मग काय चुकलं त्यांचं? हिरोचा ठोसा वीतभर लांबून जायचा आणि समोरचा उडून जाळीवर. आवाज असा, जणू कुणी गच्चीत गादी झोडपतंय.

भाचा : पण मामाचं पडणं? त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचलंस? 'सबंध चित्रपटात एकच क्षण खरा आहे, म्हातारा विजेता कोसळतो तो.' लोक तेवढाच तुकडा फोनवर एकमेकांना पाठवतायत. म्हणून तर निर्माते दुसऱ्या भागाला तयार झाले. त्यांची अट एकच, मामा हवा. मामा नसला तर सिनेमा नाही. आणि हा नाही निघाला, तर यापुढे मला कुणी बारशाचा व्हिडिओसुद्धा काढायला देणार नाही.

मामी : सिनेमात मीही होते बरं का. माझ्याबद्दल कुणी चकार शब्द लिहिला नाही.

भाचा : तू गर्दीत होतीस.

मामी : गर्दीत, पण पहिल्या रांगेत. कुणाचं तरी घामट जाकीट अंगात, वर तो उकाडा. तू म्हणालास, मामी, हात वर कर आणि 'मार, मार' असं ओरड. ओरडले. पुढे दोन दिवस घसा बसला होता.

भाचा : छान ओरडलीस. त्या दृश्यात जान आली तुझ्यामुळे.

मामी : हो. छानच ओरडले. चहा घे, निवतोय.

भाचा : तिकडे पॅड कोण धरतंय? आपला पोस्टमन ना तो?

मामी : तोच. टपाल वाटून झालं की येतो.

भाचा : मामा तर पॅड कुणाच्या हाती देत नसे. 'पॅड इंचभर चुकीच्या जागी धरलं तर मारणाऱ्याचं मनगट जातं', हे ऐकून ऐकून कान किटले होते माझे. मला तर साधं उचलूही द्यायचा नाही.

मामी : आता देतात.

भाचा : का पण?

मामी : मी न बोलण्याचं कबूल केलंय. तू चहा पी.

भाचा : वय झालं, दुसरं काय. आज दारात काय झालं सांगू? मामाला माझा ठोसा लागला.

मामी : काय म्हणालास?

भाचा : अगं, आमचं नेहमीचं. शाळेत होतो तेव्हापासूनचं. या दारातून आत येताना मी मामावर हात सोडायचा, आणि त्याने वर न बघता मान काढून घ्यायची. तो पेपर वाचत असो, दाढी करत असो, इतक्या वर्षांत एकदाही लागला नव्हता. आज लागला, अगदी गालफडावर. मला म्हणाला, 'शाबास, शिकलास शेवटी.' खरं सांगतो मामी, सिनेमा पडल्यापासून आज पहिल्यांदा बरं वाटलं.

मामी : कुठल्या गालावर?

भाचा : डाव्या. का गं?

मामी : काही नाही. साखर पुरे आहे ना?

मामा : काय, भाचेबुवा, मुद्द्यावर आलात की अजून चहाच?

मामी : मुद्दा मी ऐकून घेतलाय. नाही म्हणून सांगितलंय.

भाचा : तू कुठे नाही म्हणालीस?

मामी : आता म्हणते. नाही.

मामा : पण कशाला नाही?

भाचा : दुसरा भाग करायचाय, मामा. निर्माते तयार आहेत, पण तू हवास. तुझं ते पडणं लोकांना फार आवडलंय.

मामा : करू की.

मामी : अहो!

मामा : अगं, बहिणीचं पोर आहे. आणि नुसतं पडायचं तर आहे. त्याला कुठे अक्कल लागते?

मामी : अक्कल असती तर मागच्याच वेळी नाही म्हणाला असतात.

भाचा : आणि मामा, या वेळी पाटी नक्की. मागे कबूल केलं होतं, व्यायामशाळेची पाटी पडद्यावर दिसेल, तुझ्याकडे पोरं येतील...

मामी : दिसली की पाटी. 'व्यायाम' हिरोच्या टाळक्यामागे गेला, 'शाळा' तेवढी उरली. पलीकडच्या वाणीणबाईंनी विचारलं, शाळा कधी काढलीत, नातवाला प्रवेश मिळेल का?

मामा : मिळेल म्हणालो मी. मुलगा चपळ आहे.

भाचा : हसा तुम्ही. पण या वेळी गोष्ट पक्की आहे. बघ मामा, इथे उभा राहा. शेवटची लढत, जिंकणार तूच. हिरो डावीकडून येतो, त्याचा हात असा येतो, आणि तू... मामा?

मामा : काय?

भाचा : हात आलाय.

मामा : बघतोय की.

भाचा : कुठे आहे?

मामा : इथेच. पुढे सांग.

भाचा : तुझ्या डोळ्याला लागायचाच बाकी आहे, मामा. तुझी पापणीसुद्धा लवली नाही.

मामा : तुझ्या हिरोचे ठोसे बघून भीड चेपलीय माझी.

भाचा : थांब. आता उजवीकडून... आई गं! सोड, सोड, मनगट सोड.

मामी : उजवीकडचा कसा धरला बघ. उद्या माशी आली तरी धरतील.

भाचा : पुन्हा डावीकडून करतो. मामा, हलू नकोस... मामी, तू काय न बोलण्याचं कबूल केलंयस?

मामी : अहो, तुम्ही सांगता, का मी शब्द मोडू?

मामा : डावा डोळा गेलाय. झालं? मलाही अर्धा कप दे.

भाचा : गेला म्हणजे?

मामा : आतला पडदा सुटला म्हणे.

भाचा : कधी?

मामी : तुझ्या त्या सबंध चित्रपटातल्या एकमेव खऱ्या क्षणी.

भाचा : शक्य नाही. तो ठोसा मी स्वतः आखून दिला होता. वीतभर लांबून जाणार होता.

मामा : तू नीटच आखला होतास. माझा हात ऐकेना. समोरून काही आलं की तो वर जातो. जन्मभर त्याला तेच शिकवलंय, एका दुपारीत कसा विसरेल? लटका मार खाणं मला जमेना. दर वेळी हात वर, दर वेळी तुझं 'कट'. तिकडे गोदामवाला दारात किल्ल्या वाजवत उभा. तुझा तो चेहरा बघवेना रे. मग हिरोच्या कानात म्हटलं, मी हात पाठीशी धरतो, तू खरा मार.

भाचा : आणि त्याने मारला?

मामा : बिचारा घाबरला होता. म्हणून डोळे मिटून मारला. तसा मारला की कुठे बसेल ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

भाचा : आणि मी ओरडलो, 'वा मामा, काय अभिनय!' सगळ्यांना सांगत फिरलो, ते दृश्य मी मामाकडून काढून घेतलं म्हणून.

मामी : तू टाळ्या पिटत होतास, मी 'मार, मार' ओरडत होते. घरच्यांनी काही कमी ठेवलं नाही.

मामा : पुन्हा तेच. तुला काय माहीत होतं?

मामी : माहीत नव्हतं म्हणून तर जीव तोडून ओरडले.

भाचा : डॉक्टर काय म्हणतात?

मामी : डॉक्टरांकडे जाईपर्यंत महिना गेला. यांना कडेने अंधार दिसत होता, पण बोलतील तर शपथ. सिनेमा लागू दे, पोराच्या कामाला गालबोट नको. मला कधी कळलं? कपाच्या शेजारी चहा ओतला तेव्हा. मग धावाधाव. डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तर वाचवता आला असता. वरातीमागून घोडं. आता उजवा जपायचा. डोक्याला साधा धक्काही नको.

भाचा : आणि तू मघाशी 'करू की' म्हणालास!

मामा : पडायला एक डोळा पुरतो.

भाचा : मी आजच निर्मात्यांना नाही कळवतो.

मामा : मग तू काय करणार?

भाचा : माहीत नाही. काहीतरी करेन. मामा, तू माझ्यावर रागावला आहेस का?

मामा : एका गोष्टीसाठी.

भाचा : कुठल्या?

मामा : सिनेमा वाईट होता. इतकं सगळं झालं, तर निदान बरा तरी काढायचास.

मामी : आता कसं बोललात. मी म्हणत होते, हे पोटात धरून मरता की काय.

भाचा : वाईटच होता. मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं, ते ऊन भिंतीवर दिसलं तेव्हा. मनात म्हटलं, कोण बघतंय.

मामा : बघणारे बघतात रे. रिंगमध्येही असंच असतं. पाय चुकला की पहिल्या रांगेला आधी कळतं.

भाचा : उद्यापासून मी येऊ का इकडे? पॅड धरायला?

मामा : तू? लोकांची मनगटं मोडशील. पोस्टमन बरा आहे. त्याला बरोबर पत्त्यावर पोचवायची सवय आहे.

मामी : हिरोला म्हणे दुसरीकडे काम मिळालंय. वजनदार भूमिका. इतक्या मारामाऱ्या केल्या पोराने, पण भांग विस्कटला नाही त्याचा.

भाचा : निघतो मी. मामी, येतो.

मामी : ये. पुढच्या वेळी पोटात काहीतरी घालून जा, नुसता चहा नको.

मामा : आणि ऐक. दारात हात सोडायचा तो सोडायचाच, लाजून नुसता आत येऊ नकोस. फक्त उजवीकडून सोड. डावीकडचा मी धरत नाही.

भाचा : मग आज लागला तो?

मामी : तोही यांच्याच खात्यावर, सिनेमातल्या ठोशासारखा.