शटरचा ओळखीचा आवाज

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात निवृत्त शिक्षिकाबाई आपला कॅमेरा दुरुस्त होण्याची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक बाप-लेक येऊन टेकले. लेकीच्या गळ्यात नवाकोरा मिररलेस कॅमेरा, बापाच्या मांडीवर जुना डीएसएलआर. बाईंनी पुस्तक उघडलं खरं, पण कान तिकडेच लागले.

"बाबा, याचं शटर गेलंय. सोडा आता त्याचा नाद आणि माझा हा घ्या. हात थरथरला तरी फोटो हलत नाही, समोरच्याचे डोळेही तोच शोधतो."

"चांगलाच आहे गं तो."

"आणि आवाज अजिबात नाही."

"तिथंच तर घोडं अडतं. तुझ्या आईला आता दिसत नाही. फोटो काढतोय म्हटलं की ती केस सारखे करते आणि 'खट्' होईपर्यंत हसत राहते. परवा तुझ्या कॅमेऱ्यानं काढला, तर बिचारी कितीतरी वेळ तशीच हसत बसली."

"यातही आवाज लावता येतो, बाबा."

"लावून पाहिला. 'आज कोण काढतंय?' म्हणाली."

तेवढ्यात दुकानदारानं हाक मारली. बापाच्या आधी लेकच उठली.

"काका, याचं शटर बदलायचंय. पण आवाज हाच राहिला पाहिजे."