गुलखैऱ्याचं बी

— पोर नेऊ देणार नाही, शिवरामपंत. काल सांगितलं, आज सकाळी सांगितलं, आता हात मातीत असताना पुन्हा सांगतो. तुमची बहीण गेली म्हणून तिची मुलगीही उचलून वाईला न्यायची — हा कुठला न्याय? पाच वर्षांची आहे बकुळ, बापावाचून राहील? बसा, त्या पायरीवर बसा, कोरडी आहे. मला एवढी क्यारी उरकू द्या — तुमच्याकडे वाफा म्हणतात, नाही का? कालिंदीही लग्न होऊन आली तेव्हा वाफाच म्हणायची, मग या ब्रह्माघाटावर राहून राहून तिच्याही तोंडी क्यारी बसलं. दसरा झाला की हे बी मातीत पडायला हवं. गुलखैरा. सिकरौलला साहेबलोकांचे बंगले आहेत, तिथल्या माळ्याच्या बायकोने तिला मूठभर दिलं होतं. मी म्हटलं, अगं, वैदिकाच्या घरात साहेबाची फुलं कशाला, देवाला तरी चालतील का? तर म्हणाली, देवाला नाहीत, मला बघायला हवीत. गेल्या वर्षी याच दिवसांत पेरलं तिने. चैत्रात फुललं. मधे माघ आला.

मी पत्रात लिहिलं तसंच झालं, हो. शुद्धीवर होती, माझ्या मांडीवर डोकं, तोंडात गंगाजळ, तुळशीपत्र — तुमच्या वडिलांना तेवढाच धीर. आणि काशीत देह पडला, आणखी काय हवं माणसाला? मीच शिकवतो ना विद्यार्थ्यांना, इथे मेलं की सुटला जीव. प्लेगने काय, पडशाने काय —

काय म्हणालात? कुलूप? कोण म्हणालं? शेजारच्या सीताकाकू. वाटलंच मला. बकुळ दिवसभर त्यांच्याच घरी असते, तुम्ही काल तिला बघायला गेलात आणि काकूंनी — बाईमाणूस, एकाचे दोन करतात. होतं कुलूप. त्यात काय? अहो, तेव्हाची हालत तुम्हाला ठाऊक नाही. गल्लीत उंदीर पडू लागले, चार दिवसांत निम्मा मोहल्ला खाली झाला. तपासणीची माणसं दारोदार हिंडत होती, आजारी दिसलं की उचलून गावाबाहेर झोपडीत. परक्या पुरुषांनी तिला हात लावून नेलेलं चाललं असतं तुम्हाला? बाहेरून कुलूप असलं की घर रिकामं समजून पुढे जातील — एवढाच हिशेब होता माझा. आणि बकुळला वाचवायचं होतं. पोरीला वाचवायचं की नाही बापाने?

असं बघू नका माझ्याकडे. हो, काकू बकुळला न्यायला तयार होत्या. तेही सांगितलं वाटतं त्यांनी? म्हणाल्या होत्या, पंडितजी, लडकी हमें दे दो, तुम्ही हिच्याजवळ बसा. मीच नाही म्हटलं. कारण — कारण पोर काकूंकडे दिली असती तर मला जायला निमित्त काय उरलं असतं? गाठ पाहिली होती मी. कालिंदीच्या जांघेत, लिंबाएवढी. रात्रभर ती कण्हत होती आणि मी दाराशी उभा. सकाळी पाण्याचा एक तांब्या उशाशी ठेवला, लांबूनच सरकवला, म्हटलं संध्याकाळी डोली घेऊन येतो. ती म्हणाली, बकुळला आधी दूध द्या. बाहेर आलो, कुलूप लावलं तर आतून विचारते — "अहो, कुलूप कशाला?" काय सांगणार? बकुळ खांद्यावर होती, तिनेही ऐकलं. किल्ली जानव्याला बांधली आणि शिवपूरच्या वाटेला लागलो, तिथल्या बागेत लोकांनी झोपड्या घातल्या होत्या. त्या दिवशी डोलीवाले मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही.

पाचव्या दिवशी आलो. काकू दोन दिवस गच्चीवरून दोरीने लोटा सोडत होत्या म्हणे, मग त्यांच्याही घरात उंदीर पडला, त्याही घर सोडून गेल्या. कालिंदी घरात नव्हती. मागचं परसाचं दार उघडं — परसाला चहूकडून भिंत, बाहेर वाट नाही — विहिरीत दोर कळशीसकट गेलेला, आणि ती इथे — या क्यारीत, पालथी. रोज पहाटे झारीने पाणी घालायची ती रोपांना, म्हणून माती ओली असायची. मुठीत माती होती. तोंडातही माती होती, शिवरामपंत. ओल शोधत होती.

घाटावर मीच नेलं. तेवढं केलं.

आणि बकुळने विचारलं, आई कुठे? मी म्हटलं, वाईला गेली आजोळी, फुलं आली की येईल. पोरीची समजूत काढायला काहीतरी बोललो. पण ती विसरेना. चैत्रात पहिलं फूल उमललं, तेव्हापासून रोज पहाटे इथे येऊन बसायची. तिन्हीसांजेपर्यंत. मग म्हटलं, या खेपेला नाही जमलं आईला, पुढल्या फुलांना येईल. म्हणून हे बी. म्हणून पेरतोय. तुम्हाला वाटलं, बायकोची आठवण जपतोय. परवा ती विचारत होती — बाबा, आजोळच्या घराला पण आपण कुलूप लावलंय का?

नाही हो शिवरामपंत. उठू नका असे, ऐका. काही बोलू नका, फक्त ऐका. न्या तिला. आजच न्या. मोगलसराईहून दुपारची गाडी मिळेल. कपडे तिचे काकूंकडेच आहेत, तिथूनच परस्पर निघा, इकडे निरोपाला आणू नका. वाईला आई नसेल, मग ती रडेल. रडू द्या. खरं काय ते तुम्ही सांगा — मोठी झाली की सांगा, नाहीतर वाटेतच सांगा, मला नका विचारू.

जा. म्हटलं ना, जा आता!