पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत

नाही, पण मी म्हणतो, माणसाच्या हातात काय द्यावं याला काही सुमार? तुम्हाला सांगतो, बायकोच्या मानेत गाठ, लिंबाएवढी, डॉक्टरांना कॅन्सरची शंका, त्यांनी जाड सुई घातली, खट्‌ खट्‌ चार वेळा आवाज, ती हूं नाही की चूं नाही, आणि चक्कर कुणाला? मला! सावरतोय तोवर नर्सबाई गाठीच्या तुकड्यांच्या दोन बाटल्या घेऊन हजर. "यातले तुकडे औषधात बुडवलेले, ही आमच्या लॅबला. ही दुसरी तुम्ही मोठ्या लॅबला न्यायची. दोन तासांत. यातल्या पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत, नाहीतर पुन्हा सुई!"

पुन्हा सुई... ऐकलंत?

निघालो. बाटली थंड डब्यात, डबा पोटाशी, बस खच्चून भरलेली, आणि कंडक्टर ओरडतोय, "ओ काका, डबा वर टाका!" टाका? म्हटलं, "नाही टाकणार! माझी बायको आहे यात!... थोडीशी." एका मावशींनी उठून जागा दिली, मला नव्हे, डब्याला! ड्रायव्हर मात्र एक खड्डा सोडेल तर शपथ... अहो, पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत! सिग्नल लाल, घड्याळ धावतंय, मी डब्यावर हात ठेवून पुटपुटतोय, "धीर धरा गं बायांनो, आलंच आता..." आणि एकदम डोक्यात आलं, मी समजूत कुणाची घालतोय? ज्या तिच्या जिवावर उठल्यात, त्यांची? वाटलं, डबा खिडकीतून भिरकावून द्यावा. रडू आलं हो, भर बसमध्ये. पण पुन्हा सुई? तिच्या मानेत? नाही भिरकावला. आणखी घट्ट धरला.

लॅबमधली मुलगी मायक्रोस्कोपवरून मान वर करून म्हणते, "वा काका! शंभरातल्या पंच्याण्णव जिवंत!" आणि मी... लाज वाटते सांगायला... मी खूश झालो! वर "थँक्यू" म्हणालो!

मग मशीननं म्हणे एकेक पेशी तपासली. आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, "लिम्फोमाच आहे, गाठींचा कॅन्सर. पण प्रकार नेमका कळला. औषधाला दाद देणारा आहे. पेशी जिवंत पोचल्या म्हणून कळलं." जिन्यात आल्यावर ही म्हणते, "तीस वर्षांत साधं दूध कधी न सांडता आणलं नाहीत. धड आणलीत ती नेमकी हीच वस्तू!"

पोचवल्या ना जिवंत, तळहाताच्या फोडासारख्या जपून... आता सहा महिने औषधं देऊन त्यांनाच मारत बसायचंय.