कापलं कुणी, शिवलं कुणी

बायको : हात लावू नका. टेम्पोवाला येऊन उचलेल. माहेरहून आणलेलं शिलाई मशीन आहे, तेवढंच नेते. बाकी सगळं तुम्हाला राहू द्या. दुकान, इस्त्री, अब्रू.

मास्तर : जीभ अजून तशीच आहे.

बायको : बारा दिवस बहिणीकडे रिकामी बसले होते ना. धार लावून घेतली.

मास्तर : इथे यायला लाज नाही वाटली?

बायको : वाटायची तेवढी वाटून झाली. चार गिऱ्हाइकांसमोर तुम्ही माझी पिशवी रस्त्यावर फेकलीत, त्या दिवशीच. आता शिल्लक नाही.

मास्तर : आणि कुठंय तुझा तो धाकटा?

बायको : माझा कुठला? तीन वर्षांपूर्वी तुम्हीच आणलात त्याला. 'हा कारागीर नाही, माझा धाकटा भाऊ,' म्हणून गावभर मिरवलंत. नव्या दुकानावर बसवलंत. आता गोदामात गठ्ठे उचलतो. याला सुईसुद्धा देऊ नका, असं एकूण एक शिंप्याला सांगून आलात ना तुम्ही. तुमचं काम म्हणजे पक्कं.

मास्तर : ऐकीव नव्हतं ते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं मी.

बायको : अगबाई! कोणत्या डोळ्यांनी?

मास्तर : आपला कापड बेतणारा कटर हाताला धरून घेऊन गेला मला. नव्या दुकानाच्या काचेतून दाखवलं. भर दुपार, दार लोटलेलं, आणि तुम्ही दोघं डोक्याला डोकं लावून.

बायको : मध्ये टेबलावर काय होतं?

मास्तर : टेबल बघायला गेलो होतो का मी?

बायको : खरंय. ते दिसलंच नसणार. बरं, हा हातातला कोट कुणाचा?

मास्तर : वकिलांचा. उद्या द्यायचाय.

बायको : काळा?

मास्तर : वकिलाचा कोट काळाच असतो.

बायको : आणि दोरा?

मास्तर : काळाच. परीक्षा घेतेस का माझी?

बायको : उजव्या बाहीला चॉकलेटी आहे. डाव्या बाहीला निळा. वकीलसाहेब उभे राहिले की दोन्ही बाजूंची माणसं खूश.

(मास्तर कोट खिडकीपाशी नेतो, पार नाकाशी धरतो.)

मास्तर : आज उजेडच नाही.

बायको : दुपारचा एक वाजलाय. डोक्यावर येऊन उभा राहिलाय बिचारा सूर्य, आणखी काय करावं त्याने?

मास्तर : बारा दिवसांत पाच कपडे परत आलेत. कटर म्हणाला, धाकट्याने गिऱ्हाइकं फितवली.

बायको : आणि त्याआधीच्या सहा महिन्यांत किती परत आले?

मास्तर : एकही नाही.

बायको : कारण रोज दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात की तुम्ही शिवलेलं गाठोडं नव्या दुकानात जायचं. मी उसवायची, धाकटा शिवायचा. टेबलावर तुमचा कोट, आणि कोटावर आमची डोकी. लांबून उसवता येत असतं, तर मी या भिंतीशी बसले असते आणि त्याला त्या भिंतीशी बसवलं असतं. खास तुमच्या समाधानासाठी.

मास्तर : मला का नाही सांगितलंस?

बायको : एकदा म्हणाले होते, डोळे दाखवून घेऊ या. तुम्ही कात्री भिंतीवर फेकलीत. 'शिंप्याचे डोळे गेले म्हणजे शिंपी मेला. मला जिवंतपणी गाडायला निघालीस का?' म्हणालात. मग म्हटलं, जगू दे बिचाऱ्याला. माझंच चुकलं.

मास्तर : हे सगळं तू बहिणीकडे बसून रचलंस. कटरलाच विचारतो. सतरा वर्षं आहे तो माझ्याकडे, खोटं बोलायचा नाही.

बायको : विचारा की. गाठोडं रोज तोच पोचवायचा.

मास्तर : काय?

बायको : सायकलवरून. गाठोडं टेकवायचा, 'चालू द्या वहिनी' म्हणायचा, आणि परत येऊन तुम्हाला उठवायचा. एका खेपेत दोन कामं. कष्टाळू माणूस.

मास्तर : कटर! अरे ए, आत ये जरा.

कटर : आलो, मास्तर. अरे, वहिनी! उभ्या का? बसा ना.

मास्तर : माझं शिवलेलं गाठोडं तिकडे कोण नेत होतं?

कटर : आता मी काय बोलू? लहान तोंडी मोठा घास. नवरा-बायकोच्या मध्ये पडणं मला नाही जमत.

बायको : पडत नाही तुम्ही. नुसते उभे राहता.

मास्तर : नेत होतास की नाही?

कटर : नेत होतो.

मास्तर : आणि मला मात्र सांगितलंस की...

कटर : काय सांगितलं? आठवून बघा. मी एवढंच म्हणालो, 'वहिनी आज पण तिकडेच का?' तुम्ही विचारलंत, 'आज पण म्हणजे?' मी म्हणालो, 'जाऊ द्या.' माझं काम कापायचं, मास्तर. मी कापून दिलं. शिवलंत तुम्ही.

बायको : आणि नेहमीसारखं वाकडं.

मास्तर : पण का? काय कमी केलं मी तुला?

कटर : सतरा वर्षं कापड कापलं मी, आणि नवं दुकान तीन वर्षांच्या कारागिराला. उद्घाटनाला मला काय काम दिलं होतं, आठवतंय? खुर्च्या मांडायचं. 'कटरलाच मांडू दे, त्याची रेघ सरळ असते,' असं म्हणालात. सगळे हसले. मीही हसलो.

मास्तर : मग तेव्हाच बोलायचं होतंस मला.

कटर : तुम्हाला? तुम्हाला कोण काय बोलतं, मास्तर?

बायको : हे मात्र खरं बोललात. सतरा वर्षांतलं पहिलंच असेल.

मास्तर : चालता हो. आत्ताच्या आत्ता. नव्या दुकानाची किल्ली इथे ठेव आणि चालता हो.

कटर : किल्ली कशी ठेवू? परवा तुम्हीच सही केलीत ना.

मास्तर : ते तुला तिथे नेमायचं पत्र होतं. तूच वाचून दाखवलंस.

कटर : मी वाचलं ते पत्र होतं. तुम्ही सही केलीत तो करार होता. जागामालकाकडे पोचलासुद्धा. ती जागा आता माझ्या नावावर भाड्याने आहे. येतो, वहिनी. मशीनला हात लावू का, टेम्पोपर्यंत?

बायको : नको. तुम्ही पोचवलेलं सामान फार महाग पडतं.

मास्तर : गेला?

बायको : गेला. शीळ वाजवत गेला.

मास्तर : धाकट्याच्या थोबाडीत मारली मी. भर रस्त्यात. त्याने हातसुद्धा वर केला नाही. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहे.

बायको : मला खुणा करत होता तो. नंतर म्हणाला, 'वहिनी, सगळ्यांदेखत डोळ्यांचा विषय काढू नका, खचतील ते.' गालावर तुमची पाच बोटं उमटलेली, आणि काळजी तुमची. असला अडाणी.

मास्तर : मी जाऊन पाय धरतो त्याचे.

बायको : पाय धरणं सोपं असतं. खाली बघून करता येतं. आधी त्या सगळ्या शिंप्यांकडे जा. ज्या तोंडाने सांगून आलात, त्याच तोंडाने पुन्हा सांगा.

मास्तर : जाईन. आजच जातो. तू फक्त... टेम्पो परत पाठव. मशीन इथेच राहू दे.

बायको : का?

मास्तर : चुकलो मी. त्याने कान भरले माझे.

बायको : भरले त्याने. पण लग्नाची एकवीस वर्षं ते रिकामे कसे राहिले, याचंच मला नवल वाटतं. मी काय कमी बोलते का? एकदा विचारायचं होतंत, 'दुपारची कुठे जातेस गं?' मी काहीतरी थाप मारली असती, तुम्ही भडकला असतात, मी रडले असते, आणि संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर आलं असतं. पण तुम्ही विचारलंत त्याला. माझ्याबद्दल, त्याला.

मास्तर : परत नाही येणार?

बायको : गणवेशाच्या कारखान्यात काम मिळालंय. सोमवारपासून जाते. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, मी त्याला बोलावते.

मास्तर : थांब. काहीतरी बोल तरी.

बायको : गुरुवारी सकाळी दहाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर आहे तुमचा. मोतीबिंदू असेल तर काढता येतो म्हणे. मागच्या महिन्यात लावला होता, रद्द करायचं राहून गेलं. तुमच्या ताईंना सांगून ठेवलंय, त्या नेतील.

मास्तर : तू नाही येणार?

बायको : मला गुरुवारी काम आहे.